जिवंत माणसाचं नाव

यरुहाम, रविवार
सुक्कोतचा सण काल संपला. १९७९

चिरंजीव माखलूफ यास आईचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. गुडघे सोडले तर मीही बरी आहे. तूही बराच असणार, बिघडला असतास तर तुझ्या मामेबहिणीनं, एस्तेरनं, मला कळवायला अर्धा दिवस लावला नसता.

अक्षर वाकडं आहे पण माझं आहे. दुसऱ्याकडून लिहवून घेतलं असतं तर पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी सगळ्या गल्लीला पाठ झालं असतं. तिकडे अक्कोला एस्तेरच्या दुकानात फोन करून मी थकले. ती म्हणते, "आत्या, माखलूफ आत्ताच बाहेर गेला," आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून हे पत्र. पत्राला बाहेर गेलोय म्हणून सांगता येत नाही. शूशान ड्रायव्हरला बजावलंय, त्याच्या हातात दे आणि वाचून होईपर्यंत समोर उभा राहा, तो वाईट चेहरा करेल, तू घाबरू नकोस.

तुझ्या जुन्या अंगणातलं डाळिंब यंदा लागलं. अर्धी फळं पोरांनी नेली, उरलेली मी. पाण्याची टाकी गळते. शेजारच्या भिंतीवरून भांडण झालं, मी जिंकले.

तुझ्या अवनेरला मुलगा झाला. आज पहाटे, बेर्शेबाच्या दवाखान्यात. तीन किलोच्या वर आहे. नाक तुझं. विहीणबाई, दफ्नाची आई ब्लूमा, म्हणतात नाक त्यांच्या वडिलांचं. त्यांच्या वडिलांचा फोटो मी बघितलाय, त्या गृहस्थांना नाक होतं असं फोटोवरून तरी वाटत नाही. दफ्ना ठीक आहे. पोरगी पोलंडवाल्यांची, पण हिमतीची. आठवतं ना, सैन्याच्या गणवेशात आली होती आम्हा म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवायला? माझा हात धरून 'अलेफ' काढून घेतला, आणि जाताना माझा नातू घेऊन गेली. फी मोठी घेतली, पण शिकवलं चांगलं.

सुंता येत्या रविवारी सकाळी, आपल्या देवळाशेजारच्या दालनात. सुंता करायला, मोहेल म्हणून, आपले धर्मगुरू हाखाम दानीनो येतील, हात अजून कापत नाही त्यांचा. आणि मांडी तुझी. पहिल्या नातवाला आपल्यात बापाचा बाप मांडीवर घेतो, हे मी तुला सांगायला नको. नाव काय ठेवायचं तेही अवनेरनं ठरवलंय. सुंतेआधी नाव तोंडातून काढायचं नसतं म्हणून मी लिहीत नाही. पण पहिल्या नातवाला आपण कुणाचं नाव देतो हे कळायला तुला शाळेत जावं लागणार नाही.

आता तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हणशील, सोल गेली तेव्हा ह्याच अवनेरनं आपल्या आईसाठी कद्दीशची प्रार्थना म्हटली नाही. अकरा महिने रोज म्हणायची, ह्यानं एक दिवस म्हटली नाही. तो उपासाच्या दिवशी जेवतो, तो फॉस्फेटच्या खाणीवर शनिवारी, शब्बाथच्या सुट्टीच्या दिवशी, ट्रॅक्टर चालवतो, त्याला सुंतेचं काय पडलंय. अरे, सुंता त्याची नाही. त्याची झाली. कद्दीशवरून भांडलास तेव्हा तू ओरडत होतास तेवढा तोही आपल्या सुंतेत ओरडला नव्हता, मी दोन्हीकडे होते.

विहीणबाईंनी दवाखान्यात तुझा विषय काढला. काय म्हणाल्या ते लिहायला कागद पुरायचा नाही. मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे काय समजायचं ते समज.

मेंढीचं मटण महाग झालंय. अक्कोत समुद्रावर थंडी लवकर पडते, लोकरीचा बनियन घाल. होड्यांना डांबर फासताना तोंडाला फडकं बांध, म्हणून खोकतोस. छताचा पत्रा वाऱ्यानं वाजतो, कुणी पुरुष माणूस येईल तेव्हा ठोकून घेईन.

रविवारी सकाळी नऊला ये.

तुझी आई
फ्रेहा


यरुहाम, रविवार

माखलूफ,

मागच्या पत्राला उत्तर नाही. शूशान म्हणतो तू वाचलंस, घडी केलीस, खिशात घातलंस आणि त्याला चहा पाजलास. चहा पाजलास म्हणजे फाडणार नाहीस एवढं मी धरते.

आज सुंता झाली नाही. घाबरू नकोस. पोर पिवळं पडलंय. हाखाम दानीनोंनी खिडकीपाशी नेलं, पापणी उघडून बघितली, म्हणाले, "फ्रेहाबाई, हा लिंबू आहे, मुलगा झाला की बोलवा." पिवळ्या पोराला हात लावायचा नाही. सुंता म्हणजे देवाशी करार, त्याचा आठवा दिवस मोठा खरा, पण जीव त्याहून मोठा. ते मंगळवारी परत बघणार आहेत. बुधवार सकाळ धरून चाल. पोर तुझ्यासाठी थांबलं असं मी म्हणणार नाही, काविळीला तुमचं भांडण काय ठाऊक. पण थांबलंय खरं.

आता कागद पुरेल, सांगते.

तुझ्या मुलानं सासरी सांगून ठेवलंय की आपले वडील वारले.

लग्नाच्या आधीच सांगितलं त्यानं. मला गेल्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं. लग्नाला तू आला नाहीस, आणि तिकडच्यांनी इकडच्यांशी दोन शब्द बोलायचे तर बँड थांबायला हवा होता. म्हणून दवाखान्यात विहीणबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाळाला तुमच्या मुलाचंच नाव, आम्हाला आनंद आहे, त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल." त्यांच्यात नाव फक्त मेलेल्याचं ठेवतात. आपल्यात जिवंत माणसाचं ठेवतात, त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे त्याला कळावं की आपण पुढे चाललो. म्हणजे बघ, दोन्ही घरं एका नावावर खूश. ते खूश कारण तू मेलास, आम्ही खूश कारण तू जिवंत आहेस. असं एकमत ह्या देशात दुसरं कुठे झालं नसेल.

मी अवनेरला बाहेर ओढलं. म्हटलं, हे काय केलंस? म्हणतो, "आजी, मी काही नवीन सांगितलं नाही. ते स्वतःच म्हणाले होते, सगळ्यांसमोर. मी मेलो असं समजा. मी समजलो."

मी त्याला मारलं नाही. बाप झालेल्या माणसाला मारत नाहीत. पण बोलायला मला जागाच ठेवली नव्हती कुणी, कारण तू खरंच तसं म्हणालास. दाराच्या उंबऱ्यावर, हातात पिशवी घेऊन, माझ्या देखत.

शुक्रवारी रात्री विहीणबाई मोठं पातेलं भरून काबुली चणे घेऊन आल्या. नुसते उकडलेले, वर मीठ-मिरी. आपल्याकडे मुलगा झाला की बदामाच्या वड्या, ह्यांच्याकडे चणे. मी विचारलं, घोडा कुठे बांधलाय? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पोटात असताना बाळाला देवाचं सगळं ज्ञान असतं, बाहेर येताना ते विसरतं, त्याचं दुःख म्हणून चणे. म्हटलं, मग मला तर जन्मभर चणेच खायला हवेत. हसल्या. बाई वाईट नाहीत. त्यामुळेच मला पुढचं बोलणं भाग पडलं. त्यांनी डोळे पुसत विचारलं,

"तुमचे चिरंजीव कधी गेले?"

"दोन वर्षं होतील. सोमवारी, सकाळच्या बसनं."

"बसमध्ये?"

"बसमध्येच. खिडकीशी जागा मिळाली होती."

"अरेरे! प्रवासात!"

"हो ना. अक्कोला उतरला."

चमचा पातेल्यात पडला त्यांच्या हातून. मग जे झालं ते तू बघायला हवं होतंस. ब्लूमाबाई उभ्या राहिल्या, बसल्या, परत उभ्या राहिल्या. मला वाटलं, जावयानं खोटं सांगितलं म्हणून चिडल्या. ते तर त्यांच्या डोक्यातही आलं नाही! त्यांना भीती वेगळीच. म्हणे मृत्युदूत नाव घेऊन येतो, घरात एका नावाचे दोघं असले तर म्हाताऱ्याच्या जागी पोराला उचलतो. म्हटलं, बाई, तुमचा मृत्युदूत इतका बावळट कसा? आमचा मोरोक्कोहून आलेला आहे, त्याला दोनदा पत्ता विचारावा लागत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या नातवाच्या जिवाशी मी खेळ करणार नाही. हे नाव नाही." आणि रडल्या. आता ते रडणं खोटं नव्हतं. त्यांच्या घरातली किती माणसं तिकडे पोलंडात युद्धात मारली गेली, आणि त्या नावांची पोरं आता इकडे शाळेत जातात, हे मला माहीत आहे. त्यांच्यात नाव म्हणजे गेलेल्याला परत आणणं. त्यावर मी काय जोक करणार.

मग दफ्ना आतून आली, केस विस्कटलेले, पोर खांद्यावर. म्हणाली, "आई, आजी, दोघी गप्प बसा. तुम्ही नावावर भांडताय. मला तर मुळात कळत नाही. एवढंसं पोर. त्याला कापायचं, ते किंचाळणार, आणि आपण टाळ्या वाजवून जेवायचं. ह्यात आनंद कसला, ते सांगा मला आधी."

तिनं मला अक्षरं शिकवली, तेव्हा तिला उत्तर द्यायला मी बांधलेली आहे. मी काय म्हणाले ते तुलाही लिहिते, कारण तुला जास्त लागू आहे.

म्हटलं, बाळ, आवडतो म्हणून कुणी आपला होत नाही. आवड आज असते, उद्या भांडण होतं. माखलूफ माझ्या पोटी आला तेव्हा मला कुणी विचारलं नाही, हा चालेल का. त्यालाही कुणी विचारलं नाही की ही बाई आई म्हणून चालेल का. हा करार असाच आहे. पोराला हो-नाही म्हणता यायच्या आत करतात. मुद्दाम आत करतात. म्हणजे वीस वर्षांचा झाला, चिडला, दार आपटलं, देवाला शिव्या दिल्या, तरी त्याला तो परत करता येत नाही. अंगावरच आहे, कुठे नेऊन देणार? आणि आपल्यालाही त्याला परत पाठवता येत नाही. ज्याला हाकलता येणार नाही असा आणखी एक जण आला, म्हणून आपण जेवतो. रडतो तो एक मिनिट. नंतर जन्मभर त्याची जागा पक्की.

तिनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मग अवनेरच्या बाबांची जागा पक्की आहे की नाही?"

बघ, शाळा शिकलेली माणसं अशी अडकवतात.

म्हणून हे दुसरं पत्र. माखलूफ, सुंतेत एलियाहूची खुर्ची का मांडतात ते तुला तुझ्या बापानं सांगितलंय, पण तू पाहुण्यांना बदामाच्या वड्या वाटण्यात गुंतला होतास. एलियाहू संदेष्टा तुझ्यासारखाच. सगळ्यांवर रागावला, गुहेत जाऊन बसला, आणि देवाला म्हणाला, तुझ्या लोकांनी करार सोडला, मी एकटाच उरलो. देवानं त्याच्याशी वाद घातला नाही. समजूतही काढली नाही. म्हणाला, ठीक, आजपासून प्रत्येक पोराच्या सुंतेला तू हजर राहायचंस, आणि बघायचंस, सोडला की नाही. तक्रार करणाऱ्यालाच सगळ्यांत चांगली खुर्ची. शिक्षा म्हणून की मान म्हणून, ते हाखाम लोक ठरवोत. मला वाटतं देवाला माहीत होतं की असा माणूस बोलण्यानं ऐकत नाही, त्याच्या नाकासमोर पोर धरावं लागतं.

तू आलास तर तू जिवंत आहेस, आणि नाव आपल्या रीतीनं पडेल, विहीणबाईंना मी बघून घेईन. नाही आलास तर मी स्वतः हाखामांच्या कानात सांगणार आहे की दुसरं काहीही नाव ठेवा. मेल्याचं म्हणून तुझं नाव मी त्या पोराला लावू देणार नाही. तुला मी जन्म दिलाय, तू मेलास की नाही हे मला विचारल्याशिवाय ठरत नाही.

बुधवारी, सकाळी नऊ. अंघोळ करून ये, डांबराचा वास पोराला सोसणार नाही.

फ्रेहा
(अजून एका जिवंत मुलाची आई आहे, असं सांगते सगळ्यांना)


यरुहाम, सोमवार

चिरंजीव माखलूफ यास आशीर्वाद.

टाकी गळायची थांबली, आपोआप. तू आणलेली मासळी खारवून ठेवली. एवढी मासळी सुंतेला कोण आणतं? पण मीठ घातल्यावर टिकेल. जाताना तू मला नमस्कार करून गेलास पण आतल्या खोलीत कुणाला सांगून गेला नाहीस, ते मी बघितलं.

तू बाहेर फाटकाशी उभा होतास तेव्हा आत काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. दहा वाजत आले होते. हाखाम दानीनो घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी माझा शब्द पाळायला उठले होते, अर्ध्या दालनापर्यंत गेले होते. तेवढ्यात ब्लूमाबाई ओरडल्या, "दारात एक माणूस माशांची पेटी घेऊन उभा आहे, त्याला सांगा स्वयंपाकघर मागे आहे." मी म्हटलं, बाई, ते तुमचे दिवंगत व्याही.

त्या तुझ्याकडे बघत राहिल्या. तू आत आलास, पेटी ठेवलीस, हात धुतलेस. मग त्या पुढे झाल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की नावाला त्यांची संमती नाही, तुझ्या आयुष्याची आणि बाळाच्या आयुष्याची त्यांना काळजी आहे. माझी जीभ तयार होती. पण तू माझ्या आधी बोललास. "बाई, तुमच्या हिशेबात मी दोन वर्षं मेलेलो होतो. तुमच्या मृत्युदूतानं मला उचललं का? आता त्यानं माझं नाव एकदा खोडलंय. परत कशाला येईल?" दालनभर हशा पिकला. मी तर आजही पीठ मळताना हसते. आणि विहीणबाई, त्यांच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती, त्याही हसल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "असं असेल तर तो सुरक्षित आहे." त्यांच्या रीतीतली पळवाट तू त्यांनाच दाखवलीस. हे तुझ्या बापाकडून आलं असणार, माझ्याकडे सरळ मारायची सवय.

पण मी लिहितेय ते ह्यासाठी नाही.

सुंता सुरू झाली तेव्हा आम्ही बायका आमच्या जाळीमागे गेलो, तरी मला सगळं दिसलं. एलियाहूची खुर्ची रिकामी, तिच्यावर माझं भरतकामाचं वस्त्र. शेजारच्या खुर्चीत तू, मांडीवर उशी, उशीवर पोर. अवनेर समोर उभा. तुझ्याकडे बघेना. हाखामांनी पातं हातात घेतलं, म्हणाले, बापानं आशीर्वचन म्हणावं. आणि तो अडला. पहिला शब्द म्हणाला आणि पुढचे विसरला. कुणी पुस्तक पुढे केलं असतं. पण तू पोराचे पाय धरून, मान खाली घालूनच, हळू आवाजात पुढचा शब्द सांगितलास. तो म्हणाला. मग तू त्याच्या पुढचा. तो म्हणाला. असं शेवटपर्यंत. दोन वर्षांत तुमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं, आणि त्यातला एकही शब्द तुमचा स्वतःचा नव्हता. असू दे. स्वतःचे शब्द वापरून तुम्ही काय केलंत ते मी बघितलंय.

मग पोर किंचाळलं, लोक ओरडले, "करारात आला तसाच शिक्षणात, मंडपात आणि सत्कर्मात येवो," माहियाच्या, आपल्या अंजिराच्या दारूच्या, बाटल्या उघडल्या, आणि तू मासे साफ करायला निघून गेलास. पळालास. दाढीवर पाणी होतं, मासळीचं नव्हतं.

आता मुद्द्याचं. तुझी बस गेल्यावर अवनेर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आजी, जाताना काही म्हणाले?"

"म्हणाला, मासळी खारवून ठेवा."

"बस?"

"बस. तू काय म्हणालास त्याला?"

"काही नाही."

मग टेबलक्लॉथवरची चुरी गोळा करत बसला. आणि मी न विचारता सांगितलं त्यानं. सोलसाठी कद्दीश का म्हटली नाही ते. देव मानत नाही म्हणून नाही. तू म्हणतोस तसं लाज वाटली म्हणूनही नाही. म्हणतो, "देवळात सगळ्यांसमोर उभं राहून ती म्हटली असती, तर आई मेली हे मी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं असतं. माझ्यानं झालं नाही. रोज सकाळी देवळाच्या कोपऱ्यापर्यंत जायचो आणि परत यायचो." पंचविशीचा बाप्या, मिशी आलेली.

जी गेली तिला गेली म्हणायला त्याची जीभ उचलेना, आणि जो जिवंत होता त्याला गेला म्हणून मोकळा झाला. मूर्ख आहे. पण तू तोंड उघडण्याआधी एवढं लक्षात घे की मूर्खपणाचा अर्धा वाटा त्याला तुझ्याकडून मिळाला.

हे त्यानं तुला सांग म्हणून मला सांगितलेलं नाही. मी विचारून लिहीत नाहीये. ह्या वयात मी परवानग्या घेत नाही.

दफ्ना हिंडती-फिरती झालीय, येत्या शुक्रवारी ते तिघं अक्कोला तुझ्याकडे येताहेत, शूशानच्या गाडीनं. मी पाठवत नाही. त्यांचं त्यांनी ठरवलं. एस्तेरकडून जास्तीची गादी आण. फरशी पूस, कोपरेसुद्धा. मासळीला तिखट कमी घाल, पोरीला अंगावर पाजायचंय. कद्दीशचा विषय तू काढू नकोस. त्यानं काढला तर मध्ये बोलू नकोस, हातातलं काम खाली ठेव आणि ऐक. सकाळी देवळात जाताना त्याला चल म्हणू नकोस. फक्त चपला घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लाव.

जखम भरत आलीय. पट्टी काल काढली, हाखाम म्हणाले उत्तम. पोर रात्रभर ओरडतं, दूध दिलं तरी ओरडतं, मनासारखं झालं तरी ओरडतं. नावानं हाक मारली की मात्र गप्प होऊन बघतं. काल मी अंगणातून ती हाक मारली, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या नावाच्या हाकेला ह्या घरात कुणीतरी डोळे वळवले.

माखलूफची आई, माखलूफची पणजी,
फ्रेहा